बाहेर उभ्या राहणाऱ्या बायका

ग्रीसमधल्या नाफ्प्लिओला हृदयाच्या डॉक्टरांकडे माझ्यासमोर लाम्ब्रोस आणि एव्हान्थिया हे म्हातारं जोडपं बसलं होतं. गावच्या नाटकमंडळीच्या प्राचीन ग्रीक शोकांतिकांत तो राजा व्हायचा आणि ती बायकांच्या वृंदात गायची.

“ऑपरेशन नाटकानंतर,” तो म्हणाला.

“डॉक्टर फोनवर म्हणाले, आजच दाखल व्हा.”

“नशिबात असेल ते होईल, एव्हान्थिया.”

“नशीब कसलं? हट्ट आहे तुझा. आम्ही बायका दर नाटकात राजाला बजावतो आणि दर नाटकात तू ऐकत नाहीस.”

“ऐकलं तर नाटकच संपेल, बाई.”

“संपू दे. राजा महालात शिरतो, आतून किंकाळी येते, तेव्हा आम्ही काय करतो?”

“गाता. तू जरा बेसूर.”

“बाहेर उभ्या राहून गातो! एकीलाही दार ढकलावंसं वाटत नाही.”

“नियमच आहे तसा. वृंदाने आत जायचं नसतं.”

“तो नियम तिथला.”

नर्सने लाम्ब्रोसचं नाव पुकारलं.

“तू बस इथेच. नाटकानंतर येतो, एवढं सांगून मी आलोच.”

तो काठी शोधेपर्यंत ती दारापाशी पोचली होती. तिने दार ढकललं.

“डॉक्टर, आजच दाखल करून घ्या. राजा मागून येतोय.”