डोळे भरायचा चाकू

दुकानदार : ठेव, ठेव खाली तो. पातं नवंकोरं आहे, तुझ्या अंगठ्याचा ठसा उमटेल त्यावर.

चंपत : अंगठाच नाई ह्या हाताले, शेठ. ठसा कायचा उमटते?

दुकानदार : अरे हो की! मग चाकू घेऊन करणार काय? धरणार कशानं, दातानं?

आवडाबाई : त्याईले नाई, मले पाह्यजे. घडीचा. अन् धार टिकनारा.

दुकानदार : तुला? मग विळी घे ना, बाई. वांगी चिरायला घडीचा चाकू कशाला?

आवडाबाई : वांगे नाई चिराचे. संत्र्याचे डोळे भराचे हायेत.

दुकानदार : संत्र्याला डोळे? बरं बाई. नाक-कानही असतील.

चंपत : काडीवर पान फुटते तथी बारीकसा डोळा असते, शेठ. तो सालीसंग उचलाचा, अन् जंबेरी लिंबाच्या खुंटाले चीर पाडून तिच्या सालीत सरकवाचा. मंग त्याचं झाड होते, अन् त्याचे संत्रे तुमी खाता. चीर चेंदली का डोळा मेला. कारंज्याच्या पेठेत लोखंड इकाले बसले, अन् धनजच्या बागेत काय चालते थे माईत नाई. मिठाचं दुकान टाकाचं होतं.

दुकानदार : माझ्याकडून कचेरीतले कारकून चाकू नेतात. आता धनजचे माळी मला धंदा शिकवणार! हा पाहा. मोठं पातं, लहान पातं, कातर, बूच काढायचा आकडा. सगळं एकात.

चंपत : अन् आरसा? आरसा नाई बसवला? हा चक्कू हाय का नवरीची पेटी?

दुकानदार : मग हा घे. शिंपल्याची मूठ. पात्यात तोंड दिसतं.

चंपत : तोंड पाहाले नाई आलो. आवडे, नखावर दाब त्याची धार. हळू. अजून जरासक. आता उजेडात धर... पाह्यलं? वाकली. दोन खुंट बरे होतीन, तिसऱ्याले साल फाडन. हा पोळ्याच्या दिवशी बैलाच्या गळ्यात बांधाचा, लखलख कराले.

दुकानदार : स्वराज्य येऊन आठ वर्षं झाली, तरी यांना लढाईच्या आधीचं विलायती पोलाद पाहिजे! आणि द्यायचं किती? दीड रुपया! तेवढ्यात असलंच मिळतं. नाहीतर रस्ता समोर आहे.

चंपत : चाल वं. म्या सांगतलं होतं, ह्या पेठेत चक्कू नाई, नुसते खुळखुळे हायेत.

आवडाबाई : थांबा ना. शेठ, तो मांगच्या खणातला दावा. काळ्या मुठीचा.

दुकानदार : तो? तो गुराख्यांचा. शिंगाची ओबडधोबड मूठ, पात्याला चमक नाही. कोण्या लोहारानं आणून दिला, वर्षभर पडून आहे.

चंपत : पडून राहीन नाई तं काय! मूठ पाय त्याची, जशी काई म्हशीच्या पायाखालून निंगाली.

आवडाबाई : उघडून तं पाहू द्या... घट्ट हाय. पातं हालत नाई. शेठ, तुमच्या चुलीजवळची कपाशीची एक पऱ्हाटी द्या. वाळलेली पाहून.

दुकानदार : आता काय दुकानात सैपाक मांडते?

आवडाबाई : वीस डाव पऱ्हाटी तासतो, अन् मंग ह्या रद्दीच्या कागदावर धार पाह्यतो. पह्यल्या डावाले तं सगळेच कापतात.

चंपत : हे कोनं शिकवलं तुले?

आवडाबाई : तुमीच. मले नाई शिकवलं. केनवडच्या त्या पावन्याले सांगून राह्यले होते, मी भाकर घेऊन मांगं उभी होतो.

चंपत : भाकर घेऊन उभी होती, अन् कारागीर होऊन बसली! वीस वर्सं माही उमर गेली ह्याच्यात. बाईच्या हातचा डोळा जगल्याचं आयकलं का कोनी?

दुकानदार : हे मात्र लाख बोललास. बाईमाणसाचं काम नव्हे.

चंपत : तुमी कायले मधात बोलता? तुमाले डोळा कोठी असते हे आत्ता समजलं.

दुकानदार : बरं बाबा! पण बाई, एवढी घाई काय आहे? पुढच्या बाजारी नवा माल येणार आहे.

आवडाबाई : उद्या सकाळी मालक येऊन राह्यले बागेत. चारशे खुंट उभे हायेत. गेल्या चैतात मोटीच्या नाड्यात ह्याईचा अंगठा गेला, तवापासून मालक इचारून राह्यले, आता डोळे कोन भरन? उद्या काम दिसलं नाई तं वरूडकडून मानूस आनतो म्हने. बागेतली आमची राहाची खोपडीही त्याचीच मंग.

चंपत : येऊ दे ना वरूडचा. मी पाह्यतो त्याचं काम. निस्ते झाडाचे खून करतात ते लोकं.

आवडाबाई : कोठून पाह्यसान? खोपडी गेल्यावर बागेत पाय कोन ठेवू देते?

चंपत : बायकोच्या हाताखाली राह्यन्यापरीस...

आवडाबाई : झाले वीस डाव. कागद धरा, शेठ.

दुकानदार : आण इकडे... अं! कापला. आवाजसुद्धा नाही झाला.

चंपत : कागदाचं काय सांगता? कागदाले साल असते का?

आवडाबाई : नसते. म्हनून सालही आनली हाय.

(आवडाबाईनं कमरेला खोचलेलं ओलं फडकं दुकानाच्या पायरीवर सोडलं. त्यात जंबेरीचा बोटाएवढा खुंट होता, संत्र्याची काडी होती अन् केळीच्या सोपटाची वीतभर दोरी. पहाटे चंपत उठायच्या आधी तिनं ते बागेतून आणलं होतं आणि सारा रस्ता, तो पुढं चालत होता तोवर, फडकं वाळू नये म्हणून दोनदा पाण्यात बुडवलं होतं. खुंटाला उभी चीर दिली, आडवी दिली, काडीवरचा डोळा उचलला. तो चिरेत सरकवला आणि वरून दोरी बांधली.)

दुकानदार : झालं? चीर कुठं आहे? मला तर दिसत नाही.

आवडाबाई : दिसत नाई तंच बराबर हाय.

चंपत : दे अथी. वर धर, उजेडाकडे... हं. बांधनी ढिली हाय.

आवडाबाई : चीर?

चंपत : बांधनी ढिली हाय म्हनतो ना!

आवडाबाई : परसाल बी अशीच बांधली होती. विहिरीकडच्या दोन रांगाले.

चंपत : कोनत्या दोन रांगा?

आवडाबाई : तुमी तापानं फणफणले होते त्या आठ दिसातल्या. दिस निंगाच्या आंधी मी जाऊन भरून येत होतो. मालकानं त्याच रांगा पाहून तुमाले शेला देला. चार लोकाईत म्हनले, चंपतसारखा हात नाई कोनाचा. तुमी शेला खांद्यावर टाकून घरी आले, अन् मले म्हनलं, चहा ठेव.

दुकानदार : आं! म्हणजे शेला हिचा?

चंपत : तुमी तुमचे खुळखुळे मोजा, शेठ. आन तू... घरची गोष्ट पेठेत सांगाले लाज नाई वाटत? अंगठ्यासंग माहा जुना चक्कूही विहिरीत गेला नसता, तं आज ह्या पायरीवर उभं राहाची पाळी नसती आली माह्यावर.

आवडाबाई : अंगठ्यासंग नाई गेला. हाताची पट्टी सुटली त्या दिवशी तुमी टाकला. मी विहिरीच्या थारोळ्यावर धुनं धुवून राह्यली होतो. आवाज बी आला मले.

चंपत : मंग बोलली काहून नाई इतले दिवस?

आवडाबाई : बोलून काय तो वर येनार होता?

चंपत : दुसऱ्याच्या हातात पाह्यवला नसता मले तो.

आवडाबाई : माईत हाय. म्हनून तं नवा घेऊन राह्यलो. शेठ, ह्या चक्कूचं बोला. वर्सभर पडून होता म्हनता, तं एक रुपया घ्या.

दुकानदार : एक रुपया? सव्वा दे. पोलाद चांगलं आहे त्याचं.

चंपत : आत्ता चांगलं झालं? मघा तं गुराख्याचा होता! एक रुपया घ्या, अन् हे लक्षात ठेवा का तुमच्या दुकानात एकच चक्कू होता, तोही तुमाले ओळखू नाई आला.

दुकानदार : न्या, न्या. सकाळची बोहणी आहे म्हणून सोडतो. असलं गिऱ्हाईक पुन्हा नको.

आवडाबाई : चाला. घरची मेथी इकून आलेल्या पैशात अजून केळीची दोरी होते.

चंपत : उद्या मालकाले सांग, मले थंडी वाजून राह्यली म्हन. बायको खुंटापाशी वाकलेली, अन् मी बांधावर हात बांधून उभा! मी काई येत नाई.

आवडाबाई : तुमाले या लागते.

चंपत : कायले? पानी पाजाले?

आवडाबाई : काडी निवडाले. चीर जमते मले. पन कोनत्या काडीवरचा डोळा जगन, थे अजून समजत नाई. तुमचे मरत नव्हते. माह्या त्या दोन रांगातले चौदा मेले.

चंपत : मरतीनच. कवळ्या काडीचे घेतले असतीन. काडी गोल पाह्यजे, गोल. कवळी असली का ती चपटी लागते बोटाले.

आवडाबाई : हेच तं म्हनतो. चौदा झाडं गेले.

चंपत : चौदा नाई. अकरा. बाकीचे तीन वाळवीनं खाल्ले, ते तुह्या हातानं नाई मेले.