ताईच्या आवाजाची बटणं

ताई: हे बघ, मी लॅपटॉपवरचं पाण्याचं बटण दाबते. ऐक.

धाकटा: ऐकलं.

ताई: काय म्हणालं?

धाकटा: 'दिवा बंद करा.'

ताई: आता जेवणाचं दाबते. 'दिवा बंद करा.' 'दुखतंय'चं. पुन्हा 'दिवा बंद करा.' परवा माझ्या घशाचं ऑपरेशन आहे, पुढे महिना-दीड महिना तोंडातून अक्षर काढायचं नाही. मी इथे तहानेने व्याकूळ होणार, आणि तुझे भावोजी घरातला एकेक दिवा घालवत फिरणार.

धाकटा: तू जरा कमी बोल ना. घसा आधीच बसलाय.

ताई: बोलून घेते रे. नंतर गप्पच बसायचंय. तू सांग, सगळी बटणं एकच का बोलतायत? मी तर दहा वेगळी वाक्यं बोलून दिली होती.

धाकटा: बघतोय. आलं लक्षात. चूक माझी आहे.

ताई: ते मी विचारलंच नव्हतं.

धाकटा: असं बघ. ही खिडकी लॅपटॉपवर उघडते आणि गप्प बसून राहते. कुणी काही केलं तरच हलते.

ताई: आपल्या घरात असं एक माणूस आहे. कामावरनं आलं की.

धाकटा: भावोजींना मध्ये आणू नकोस. तर प्रत्येक बटणाला मी आधीच सांगून ठेवतो, की तुला दाबलं तर काय करायचं. आम्ही त्याला कॉलबॅक म्हणतो. कधी दाबणार माहीत नाही, दाबणार की नाही तेही माहीत नाही. नुसतं सांगून ठेवायचं.

ताई: बरं. मग तू काय सांगून ठेवलंस?

धाकटा: की डब्यात जे वाक्य असेल ते बोल. आणि डबा ठेवला एकच. पाण्याचं बटण बनवताना डब्यात पाणी होतं. मग पाणी काढून जेवण टाकलं, मग औषध, असं करत करत शेवटी दिवा राहिला.

ताई: आणि बटणं डब्यात बघायला जातात ती दाबल्यावर.

धाकटा: बरोब्बर.

ताई: म्हणजे दहाही बटणांना निरोप दिलाच नाहीस. निरोप कुठे ठेवलाय तेवढं सांगितलंस, आणि तिथला निरोप दर वेळी बदललास. अरे, रेल्वे स्थानकावर मी असं केलं असतं तर? दहा फलाटांवर शेवटच्याच गाडीची घोषणा. माणसांनी मला माइकसकट उचलून बाहेर टाकलं असतं.

धाकटा: झालं तुझं? आता बटण बनवतानाच ज्याचं वाक्य त्याच्या हातात देतो. पायथन म्हणून प्रोग्रामची भाषा आहे, तिच्यात एका ओळीचं काम आहे. हं, दाब.

ताई: दाबलं. म्हणतंय, 'प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे, मला पाणी हवे आहे.'

धाकटा: ही चूक माझी नाही.

ताई: मी असं बोलले?

धाकटा: दहाही वाक्यं अशीच बोललीस. मी काल ऐकताना हसून हसून खुर्चीतून पडायचा राहिलो. जेवणाचं तर 'थोड्याच वेळात जेवण येत आहे' असं आहे. कुणाचं जेवण, कुठल्या फलाटावर, तेवढंच सांगायचं बाकी ठेवलंस.

ताई: काय करू, समोर माइक आला की जीभ आपोआप सरळ होते. वीस वर्षं झाली घोषणा करतेय. असू दे तसंच. बाकीची दाबून बघते. अरे, ही खिडकी पांढरी पडली. मेली का?

धाकटा: मेली नाही. अडकलीय. तू 'औषध' दाबलंस आणि ते वाक्य संपायच्या आत 'थांबा' दाबलंस. बटणाने सांगितलेलं काम मागे कुणाला तरी सोपवून लगेच मोकळं व्हायचं असतं. मी त्यालाच वाक्य संपेपर्यंत उभं ठेवलंय. तोवर खिडकी दुसरं काही ऐकत नाही.

ताई: मी घोषणा करत असताना कुणी येऊन शौचालय कुठे विचारलं, तर मीही दगडच असते. त्यात काय बिघडलं?

धाकटा: तू दगड असलीस तर तो माणूस दुसऱ्याला विचारतो. तुझं दुखत असेल आणि खिडकी ऐकत नसेल, तर तू कुणाला विचारणार? बोलण्याचं काम मागे पाठवतो. दे इकडे.

ताई: घे. आणि रागावतोस कशाला? चेष्टा केली मी.

धाकटा: रागावलो नाही. झालं हे. आता अकरावं बटण. भावोजींना हाक मारायचं. बोल, 'अहो'.

ताई: कुठलं?

धाकटा: कुठलं म्हणजे? अहो एकच असतं.

ताई: लग्न कर एकदा, कळेल. बूट घालून आत आले की एक अहो असतं. पाहुण्यांसमोर नको ते बोलायला लागले की दुसरं, ते अगदी गोड असतं आणि त्यालाच ते जास्त घाबरतात. फोन वाजतोय आणि हे मख्ख बसलेत, त्याचं वेगळं. लिफ्ट दुरुस्त करायला तिच्या खड्ड्यात उतरले आणि घरी यायला उशीर झाला, त्याचं तर विचारूच नकोस. ते दार उघडायच्या आधीच निघतं.

धाकटा: बरं, एकाच बटणात चार घालतो. एकदा दाबलं की बुटांचं, दोनदा दाबलं की पाहुण्यांचं. बोल, मी रेकॉर्डिंग सुरू केलंय.

ताई: अहो. हे बुटांचं. अहो. हे पाहुण्यांचं. अहो. फोन. अहो. उशीर.

धाकटा: चारही घोषणाच आहेत, ताई. उशिराचं तर असं वाटतंय की भावोजी फलाट पाचवर येणार आहेत.

ताई: मग मी काय करू? समोर बूट नाहीत, पाहुणे नाहीत. काही घडल्याशिवाय मला ते जमत नाही.

धाकटा: आणि एक राहिलंच. पाचवं. काहीच काम नसतं तेव्हाचं. तू स्वयंपाकघरात असतेस, ते बाहेरच्या खोलीत असतात, आणि तू उगाच म्हणतेस. ते 'हं' म्हणतात आणि तू पुढे काहीच बोलत नाहीस. मी तुमच्याकडे राहून शिकत होतो तेव्हा रोज ऐकायचो.

ताई: ते कसं मुद्दाम म्हणायचं?

धाकटा: प्रयत्न कर. मला ते हवंय.

ताई: तुला कशाला हवंय? खरं सांग. अकरा बटणांची यादी होती, तू काल दोनशे वाक्यं घेऊया म्हणालास. दीड महिन्याला दोनशे वाक्यं कशाला लागतात? एवढी तर मी धड असताना बोलत नाही.

धाकटा: असावीत हाताशी.

ताई: डॉक्टर तुला बाहेर काय म्हणाले?

धाकटा: तुला आत जे म्हणाले तेच.

ताई: मला म्हणाले, गाठ निघेल, जीवाला काही नाही. आवाज येईल. पण हाच येईल असं सांगता येत नाही.

धाकटा: मलाही तेच. मग मी रात्रभर जागून ही बटणं जोडत बसलो, ताई. मला बाकी काही सुचेना. आई गेल्यावर हाक मारणारा तोच एक आवाज राहिलाय मला. तो कुठेतरी भरून ठेवायचा होता.

ताई: वेडा आहेस. रडू नकोस, कीबोर्डवर पडेल.

धाकटा: रडत नाहीये.

ताई: मग मी रडते. ऐक माझं. आवाज बदलला तर बदलला. मला भीती वाटते, नाही असं नाही. स्थानकावर दुसरी कुणी बसेल आणि मी आत तिकिटं मोजत बसेन, ते कसं गिळायचं मला माहीत नाही. आणि घरात मी अहो म्हटलं आणि यांनी मागे वळून कोण आलंय म्हणून पाहिलं, तर काय करायचं तेही माहीत नाही. पण तू मला आत्ताच डब्यात भरून ठेवायला निघालास, तर मला वाटायला लागतं की मी निघालेच.

धाकटा: बरं. दोनशे नकोत.

ताई: दहा राहू देत. पाण्याला लक्ष द्यावे म्हणायला माझी हरकत नाही.

(दाराचं कुलूप उघडल्याचा आवाज.)

ताई: अहो.

भावोजी: काढलेत बूट. बाहेरच काढलेत.

ताई: मी बुटांचं म्हणालेच नाही.

भावोजी: मग? वेळेवर आलोय. डबा आणलाय परत. झाकणसुद्धा आणलंय.

ताई: काही नाही. नुसतंच म्हटलं.

भावोजी: हं.

धाकटा: भावोजी, बसा.

भावोजी: काय झालंय? तुझे डोळे लाल, हिचेही लाल. भांडलात?

धाकटा: तुमच्यासाठी बटण करत होतो. ताईने हाक मारायची आणि तुम्ही यायचं.

ताई: आत्ताचं घेतलंस का रे? पाचवं होतं ते. अगदी तेच.

धाकटा: नाही गं. ऐकत बसलो.

ताई: एवढा रात्रभर जागलास आणि ऐन वेळी ऐकत बसलास.

धाकटा: पुन्हा म्हण. आता सुरू करतो.

ताई: आता फलाटच येईल तोंडातून. राहू दे. ते बटण रिकामं ठेव. माझं मी भरेन बोलायला लागले की. जो आवाज असेल त्यात.

धाकटा: रिकामं ठेवलं तर दाबून उपयोग काय? त्याला काही सांगून ठेवलेलं नसेल. काहीच वाजणार नाही.

भावोजी: दाबलं की टक असं तर वाजेल ना?

धाकटा: तेवढं वाजतं. लॅपटॉपचंच असतं ते.

भावोजी: मग झालं. मला तेवढं पुरे.