एक वायर काढून ठेवा, बंडप्पा

आजच्या समारंभाचे सन्माननीय अध्यक्ष, मुरुमचे गिरणीमालक महांतप्पा अण्णा. हैदराबादेहून एवढ्या लांब आलेले आमचे जुने डॉक्टर हबीबुद्दीन साहेब. उमरग्याच्या दवाखान्याची गाडी हाकणारे आणि तीच गाडी दुरुस्त करणारे, आजचे सत्कारमूर्ती बंडप्पा. व्यासपीठावरील वडीलधारी मंडळी. समोर बसलेल्या आयाबहिणी आणि माझ्या माकणीकर बंधूंनो! आणि हो, बाहेर लिंबाखाली उभी असलेली ती गाडी. तिचंही नाव घ्यायला हवं, कारण बदली दोघांचीही झाली आहे. ड्रायव्हर आणि गाडी, दोघांनी धाराशिवच्या दवाखान्यात रुजू व्हावं, असा हुकूम आलाय.

मला थोडक्यात बोलायला सांगितलंय. पाटलाला थोडक्यात बोलायला सांगणं हा अन्यायच आहे, पण आमचं कुटुंब पुढच्याच ओळीत बसलंय आणि आत्तापासून डोळे वटारतंय. तेव्हा मूळ गोष्ट आधीच सांगून टाकतो. बंडप्पांनी माझं घर वाचवलं. कसं वाचवलं, हे मोठ्यांना ठाऊक आहे; लहान पोरांच्या कानावर घालावं म्हणून उभा राहिलो.

गोष्ट पाच-सहा वर्षांमागची, जर्मनच्या लढाईच्या दिवसांतली, निजामशाही अजून होती तेव्हाची. दवाखान्याची ही गाडी तेव्हाही म्हातारीच होती. हिला चार सिलिंडर, प्रत्येकाला एक प्लग, आणि प्रत्येक प्लगला ठिणगी पुरवणारी वेगळी कॉइल. चारी कॉइली एका लाकडी पेटीत बसवलेल्या. हे ज्ञान माझं नव्हे, बंडप्पांनी शिकवलेलं आहे. चुकलं तर त्यांना धरा. तर त्यातल्या एका प्लगची चिनीमाती तडकली होती, आणि त्याच्या कॉइलची टोकं जळून काळी पडली होती. लढाईमुळं सामान मिळेना. दवाखान्यातनं अर्जावर अर्ज गेले, जवाब नाही. म्हणून गाडी तिघांवर चालायची. धक, धक, धक, आणि मग गप्प. पुन्हा धक, धक, धक, आणि गप्प. आमच्या गावानं तिचं नाव ठेवलं होतं लंगडी.

त्या साली उन्हाळा सरता सरता पटकी, म्हणजे कॉलरा, आली. पहिल्याच झपाट्यात माझा धाकटा भाऊ बब्रुवान गेला. सकाळी माझ्याबरोबर शेतातल्या आखाड्यावर होता, आणि दिवस मावळायच्या आत आम्ही त्याला पोचवून आलो. घरात माझी बायको कमलबाई आणि तिच्या अंगावर पिणारी आमची गिरिजा. माझ्या मनात एकच होतं, या दोघींना पटकी टाळायची सुई टोचून घ्यायची. पण गावात आवई उठली होती की पटकीपेक्षा सुईच वाईट. मी गावात दवंडी पिटवली. गावानं ऐकलं नाही. गाव कशाला, माझ्या घरात कुणी ऐकलं नाही! कमलबाई म्हणाल्या, "भावजी गेले ते देवाच्या मर्जीनं गेले. लेकराला म्या सुईनं मारू देणार न्हाय."

डॉक्टरसाहेब आले. पण ते ओढ्याच्या पलीकडं होते तेव्हाच गावाला कळलं. धक, धक, धक, गप्प! भाकरी तव्यावर टाकून बायका मळ्यात पळाल्या, पुरुष बायकांना शोधायच्या निमित्तानं पळाले. साहेब चावडीत पेटी उघडून बसले आणि समोर कुत्री. दुसऱ्या खेपेला तेच. तेव्हा साहेब वैतागून म्हणाले होते, "बंडप्पा, इस गाँव में आदमी रहते के नै?" आठवतंय ना साहेब? साहेब हसतायत. त्या दिवशी हसले नव्हते.

गावात मागं राहिलं होतं एकच माणूस, आमच्या धुरपदाबाई. गुडघे धरलेले म्हणून पळता येत नव्हतं. बंडप्पांनी त्यांनाच विचारलं, "आजी, गाव कुठं गेलं?"

"तुमची लंगडी वराडली की पळतंय सगळं. म्या बी पळाली आस्ती, पाय न्हाईत."

"म्हंजी गाडीचा आवाज ऐकून?"

"मग काय तुजं त्वांड बघून? लई लांबनं वळखू येती रं ती."

आता दुसरा कुणी असता तर गावाला चार शिव्या घालून घरी गेला असता. बंडप्पा घरी गेले नाहीत, मुरुमला गेले. अध्यक्षमहाराजांच्या गिरणीचं इंजिन रॉकेलवर चालायचं आणि त्यालाही प्लग लागायचा. गाडीच्याच आट्यांचा, तिच्यात बरोब्बर बसेल असा. बंडप्पांनी तो मागितला. चालत्या गिरणीचा प्लग मागायला केवढी छाती लागते, याचा विचार करा! अण्णांनी इंजिन बंद केलं, पाना मागवला, प्लग काढून बंडप्पांच्या हातावर ठेवला आणि एवढंच म्हणाले, "तगो. दळायला जाती हायत घराघरात." तगो म्हणजे घे. मुरुमच्या आयाबाया त्यानंतर कितीतरी दिवस जात्यावर दळत होत्या आणि दळताना ओव्यांऐवजी अण्णांचा उद्धार करत होत्या. अण्णा, त्या सगळ्या माउल्यांची माकणी गाव आज जाहीर माफी मागतं आणि तुमच्या पायावर डोकं ठेवतं.

पुढचं काम साहेबांनी डोळ्यांनी पाहिलं, त्यांच्याकडूनच मी ऐकलंय. बंडप्पांनी कॉइलची जळकी टोकं बारीक कानशीनं घासून उजळ केली. पेटीत ओल शिरली होती, ती चुलीच्या उबेला ठेवून सुकवली. जुने तीन प्लग गोवरीच्या राखेनं घासले आणि चारी प्लगांच्या टोकांतली फट नखाच्या जाडीएवढी धरली. रोज कपाळाला भस्म लावणाऱ्या बंडप्पांना प्लगला राख लावताना बघून साहेबांनी विचारलं, "क्या बंडप्पा, गाडी को भी भस्म?" बंडप्पा म्हणाले, "जी साहेब, ती बी आमच्यातलीच हाय."

आणि मग ती आली. ओढा ओलांडून, वेशीतनं आत, थेट चावडीपुढं. आवाज होता, पण सरळ, एका लयीतला, परक्या गाडीचा. कुणी उठलं नाही. मोटारीतनं साहेब उतरले तेव्हा अख्खं गाव जागच्या जागी सापडलं. बरं, साहेबांनी कुणाला धरलं का? ओढलं का? नाही. बंडप्पांनी सदऱ्याची बाही वर केली आणि सगळ्यांदेखत स्वतःच्या दंडात सुई टोचून घेतली. गावोगाव असंच करून त्यांचा दंड सुजला होता, हे आम्हांला नंतर कळलं. मग धुरपदाबाई काठी टेकत पुढं झाल्या. मग एकेक माणूस लाजेकाजेनं आलं.

कमलबाई मात्र गिरिजाला पोटाशी धरून कणगीमागं दडलेल्या! मी विनवलं, रागावलो, शेवटी उंबऱ्यावर बसून रडलो. पाटील रडला, होय, सांगायला लाज कसली? तेवढ्यात धुरपदाबाई दारात आल्या. म्हणाल्या, "कमळे, ही बघ माजी हाडं. ह्या हाडात सुई शिरली आन् म्या हितवर चालत आले. तू तरणी आसून भितीस व्हय गं?" मग कमलबाई बाहेर आल्या, तडक चावडीकडं गेल्या, आणि आधी आपला दंड पुढं केला, मग लेकीचा.

पुढं पटकी पुन्हा आमच्या आळीत शिरली. जी माणसं त्या दिवशी परगावी होती, त्यांची घरं बसली. माझ्या घरातलं आणखी कुणी गेलं नाही. आत्ताच बंडप्पांच्या गळ्यात हार घालायला जिला उचलून घ्यावं लागलं, ती माझी गिरिजा. यापुढं मी आणखी काय सांगू?

पण खरी गंमत पुढंच आहे. दवाखान्याला नवे प्लग अखेर मिळाले, अण्णांचा प्लग नारळासकट परत गेला, आणि साहेब पुन्हा टोचायला आले. सगळी माणसं शेतात. गाडी आली कधी, गेली कधी, कुणाला पत्ता नाही! संध्याकाळी कमलबाईच माझ्यावर उखडल्या, "डागदर येऊन गेले आन् आमाला कळलं न्हाय? ही कसली मुकी गाडी?" आमचं गाव सुईला आता भीत नव्हतं, पण शेतातनं गाडी ऐकूच येत नव्हती. ही तक्रार घेऊन मी स्वतः उमरग्याला गेलो.

त्या दिवसापासून बंडप्पांनी एक रीत धरली. ओढ्याच्या पलीकडं गाडी थांबवायची, खाली उतरायचं, बॉनेट उघडायचं आणि एका प्लगची वायर काढून बाजूला ठेवायची. मग गाडी तिघांवर गावात यायची. धक, धक, धक, गप्प! मळ्यामळ्यांतनं माणसं निघायची आणि चावडी भरायची. साहेब म्हणायचे, पेट्रोल जाया होतंय. बंडप्पा म्हणायचे, "साहेब, ही दवंडी हाय." तेव्हापासून आजतागायत ही गाडी माकणीत धड आवाजात एकदाही आली नाही. आज सकाळीसुद्धा नाही.

बंडप्पा, शाल आणि नारळ गावानं दिला, तो रिवाज आहे. मला तुमच्याकडून एक मागायचंय. थोड्या वेळानं तुम्ही निघाल. धाराशिवला चारी सिलिंडरांवर खुशाल जा, तिथल्या माणसांना तुमची गाडी चांगलीच दिसायला हवी. पण इथनं निघताना एक वायर काढून ठेवा. ती ओढ्याच्या पलीकडं जाऊन लावा. तुम्ही गावात आहात तोवर आम्हांला ऐकू येऊ द्या. धुरपदाबाईंना आता दिसत नाही, पण त्यांनी मला बजावून ठेवलंय की गाडी ऐकू यायची थांबेपर्यंत त्यांना घरी न्यायचं नाही.

अध्यक्षमहाराजांचे, साहेबांचे आणि शांतपणे ऐकून घेणाऱ्या तुम्हां सर्वांचे उपकार मानतो. बोलण्याच्या भरात कुणाचा मान द्यायचा राहिला असेल, कुठं जीभ घसरली असेल, तर माझाही एक प्लग गेला असं समजून सांभाळून घ्या. बंडप्पा, तुम्ही उठा आता. लिंबाखाली गाव उभं राहतंय.