पंप उघडायच्या आधी

आमचं गाव सिन्नरच्या पल्याड, बुद्धविहाराच्या मागं घर, आन बाप विहिरीवरच्या मोटारी दुरुस्त करायचा, तर काय सांगू तुम्हाला, बाकीच्या पोरी लंगडी खेळायच्या तवा मी बापाला पाने उचलून द्यायचे. आई म्हणायची पोरीचे हात काळे करता, कोण करील तिला. बाप म्हणायचा जो करील तो हात बघूनच करील. मग आयटीआय केलं, फिटर, वर्गात मी एकलीच पोरगी. लग्न करून नाशकात आले, नवरा रिक्षा चालवतो, भला माणूस हाय, आन मी टमाट्याचा गर काढायच्या कारखान्यात लागले ती आजपातुर.

तिथं गर ढकलायचा पंप असतो. रबराच्या जाड नळीत लोखंडी स्क्रू फिरतो, फिरून फिरून रबर झिजतं, मग बदलायचं. जुन्या पंपाला अख्खा पाईप सोडावा लागायचा, कामाची निम्मी पाळी त्यातच जायची. आमचे अण्णा, थोरले फिटर, मला सगळं काम त्यांनीच शिकवलं, त्यांचा हात त्याच पंपानं भाजला. पाईप धुवायला कास्टिक सोड्याचं कढत पाणी सोडतात, ते आत राहिलेलं, वरून घाई घाई, आन कुणीतरी मागं पंप चालू करायचं बटण दाबलं. लय सोसलं हो त्यांनी. आता घरीच असतात, मूठ वळत नाय.

मग नवा पंप आला. गुणाचा हाय, खोटं कशाला बोलू. नळी जागच्या जागी दोन फाकांत उघडते, पाईपला हात लावायचा नाय, चहा गार व्हायच्या आत काम. मला आवडलाच तो. पण कारखान्याच्या साहेबाला भलतंच सुचलं. बदलायला वेळ लागत नाय तर पाणी निवायची वाट तरी कशाला बघायची, म्हणे.

ऐन हंगामात, गेटबाहेर टमाट्याच्या गाड्या उभ्या, आन रबर गेलं. सुपरवायझर म्हणाला संगीताताई, उघडा. मी पंपाच्या बटणाच्या पेटीला माझं कुलूप घातलं, किल्ली खिशात टाकली, म्हणलं पाणी निचरू द्या, निवू द्या. तो म्हणाला माल सडंल. म्हणलं सडू द्या, टमाटे परत पिकतात. मग साहेब आले, चारचौघांत म्हणाले, घरी बसायचंय का तुला. मी म्हणलं, बसवा घरी, पण कुलूप माझं हाय, ते मीच काढणार. त्यांनी दुसऱ्या फिटरला बोलावलं, त्यानं माझ्याकडं बघितलं आन पाना खाली ठेवला.

पाणी निवल्यावर मी पंप उघडला, रबर बदललं, लाईन चालू करून दिली. दुसऱ्या दिवशी मला क्रेट धुवायला लावलं. नवरा म्हणाला सोड ती नोकरी. म्हणलं मी का सोडू? धुतले क्रेट, हंगामभर धुतले. पण तिकडं बाकीचे फिटरबी गरम पंपाला हात लावीनात, जो तो आपापलं कुलूप घेऊन यायला लागला. शेवटी बोलावलं मला परत, चूक झाली असं कुणी म्हणालं नाय.

साहेब अजून माझ्याशी बोलत नाय, बढतीचं तर नावच नको. नका बोलू. यंदा दोन नव्या पोरी लागल्यात फिटर म्हणून. पंप दाखवायच्या आधी त्यांना बाजारात नेलं, कुलपं घेऊन दिली. सुखाच्या राहोत त्या, धडधाकट राहोत. कुणी दरडावून विचारलं हे कुणी शिकवलं, तर म्हणलं भिऊ नका, माझं नाव सांगा.