चंद्री बुजली नव्हती

मी मूळचा कोडोलीचा. निम्मी हयात मालट्रकच्या स्टिअरिंगवर आणि उरलेली म्हशींच्या गोठ्यात गेली, तेव्हा चढ काय असतो आणि म्हैस काय असते, हे मला दुसऱ्यानं शिकवू नये. पेठ वडगावच्या बाजारात सांगतात ते साफ खोटं आहे. म्हणतात, आप्पांची, म्हणजे माझी, चंद्री म्हैस घाटात बुजली, गाडीच उलटवणार होती. काय सांगू तुम्हाला, पावणं, ती बुजली नव्हती, ती धावत होती.

आमच्याकडं दिवाळीच्या पाडव्याला म्हशी सजवून मोटारसायकलीमागं पळवतात. पुढं इंजिनाचा आवाज चढला की म्हशीनं धावायचं, ही सवय मीच तिला लावलेली. डोंगरावरच्या वाडीत पाहुण्यांना ती दाखवायची म्हणून माझ्या मुलानं, संभानं, आपल्या नव्या ऑटोमॅटिक गाडीला ट्रॉली जोडली आणि तिला ट्रॉलीत चढवली. सपाटीला गाडी गुणी होती. घाट लागला आणि तिचं काही ठरेना. वरचा गिअर टाकायची, ओझ्यानं दमायची, मग एकदम खालचा टाकून डरकाळी फोडायची, की पुन्हा वरचा. प्रत्येक डरकाळीला चंद्री पुढं झेपावायची, ट्रॉली हिसके द्यायची, शेवटी गिअरचं तेल तापल्याचा वास आला, समोर धोक्याचा दिवा लागला. मी म्हटलं, संभा, खालच्या गिअरात धरून ठेव. तो म्हणाला, आप्पा, गाडी सोताच ठरवती की. अरं, पण मागं म्हैस हाय हे गाडीला कोण सांगणार?

थांबलो. तेल निवू दिलं. चंद्रीला मी उतरवलं, भिऊन नव्हे, ओझं कमी व्हावं म्हणून. मग संभानं खालचा गिअर धरला, एकसारखा चढा आवाज सुरू झाला, आणि ही बया रिकाम्या ट्रॉलीमागं शेपूट उचलून थेट वाडीपर्यंत धावली. वाडीच्या लोकांनी तेवढंच पाहिलं, पुढं सुटलेली म्हैस आणि मागं धापा टाकणारा मी.

आता पाडव्याला म्हशींची मिरवणूक काढणारे म्हणतात, बुजरी म्हैस यंदा नको. संभा हल्ली घाटात न सांगता गिअर धरतो आणि मोबाइलवर शिकलो म्हणतो. म्हणू दे, सुखी राहू दे. मी मात्र कुणाला विनवायला जाणार नाही. पाडव्याला तिची शिंगं रंगवीन, दारात उभी करीन. मिरवणूक आमच्याच गल्लीतून जाते. मोटारसायकलींचा आवाज तिला ऐकू येईल. दावं मी बांधणार नाही.