पहिली पुकार

देवीदास : अन् मी सांगतो तुले, रातपाळीनं मले काहीच होत नाही. अख्खी मिल झोपली असंन, देवीदास नाही झोपला.

ललिता : गाडी दामिनी चालवून राहिली म्हणून बोलून राहिले.

देवीदास : प्लॅनिंग पाय माह्यं. अगुदर चर्च. मंग दोन्ही घरचे मिळून मैत्री बाग. पांढरा वाघ, बोट, जेवण. मंग सिविक सेंटरले आईस्क्रीम. मिलच्या शटडाऊनचं शेड्यूल लावतो मी, एक रविवार नाही लावता येणार?

दामिनी : बाबा, आईस्क्रीम बाद में. पहिले चर्चचं ऐका. लोकं उठले की उठायचं, बसले की बसायचं. अन् मधात फादर माह्यं आणि अनुरंजनचं नाव वाचतील. त्याले पुकार म्हणतात. ईस्टरनंतर लग्न, तर तीन रविवार पुकार. आज पहिली.

ललिता : काय पुकारतात वं?

दामिनी : की या दोघांच्या लग्नाले कोणाची हरकत आहे का. असंन तर सांगा.

देवीदास : भर सभेत? आपल्या विहारात भंतेजीनं असं विचारलं ना, तर अर्धी खुर्सीपार वस्ती उभी राहीन.

दामिनी : इथं कोणी उभं राहत नाही. सिर्फ रस्म आहे. आणि बाबा, प्लीज. सहा महिने तुम्ही 'नाही' म्हणून बसले होते, हे अनुरंजनच्या पप्पाले, लकडा अंकलले, माहीत आहे. आज त्यांची सगळी बिरादरी जशपूरहून आली आहे.

देवीदास : अवं, हो म्हटलं ना आता. देवीदासचा शब्द म्हणजे आमच्या मिलमध्ये बनलेला रेल्वेचा रूळ. वाकत नाही.

(चर्च सुटल्यावर. मैत्री बागेच्या फाटकाबाहेर, गाडीत.)

ललिता : उतरू नका. कोणी उतरायचं नाही गाडीतून. रूळ म्हणे!

देवीदास : अवं, डोळा लागला जरासा.

ललिता : जरासा? घोरून राहिले होते तुमी! मागच्या बाकावरच्या बाईनं मले विचारलं, भाईसाब की तबीयत ठीक है क्या. मी म्हटलं, प्रार्थना करून राहिले.

दामिनी : मी कोपर मारलं होतं, बाबा. जोरात.

देवीदास : त्याच्यानंच तर जाग आली.

दामिनी : मतलब मेरी गलती?

देवीदास : तसं नाही म्हणून राहिलो. डोळे उघडले, तं समोर एक साहेब माईकवर विचारून राहिले, "कोई है?" अन् सगळे चुप. आता मिलमध्ये ओव्हरटाईमले फोरमन असंच विचारते. "कोई है?" सगळे चुप, आपापल्या बुटाकडं पायतात. मंग मीच उठतो. तीस वर्षं झाले, मीच उठून राहिलो.

ललिता : उठले तं उठले. म्हटलं काय?

देवीदास : जाऊ दे ना.

ललिता : सांगा ना! अख्ख्या चर्चनं ऐकलं, गाडीले पण ऐकू द्या.

देवीदास : "मैं हूँ साहब. लिख लीजिए."

दामिनी : लिख लीजिए! फादरनं पेन काढला, बाबा! खरंच पेन काढला. मंग विचारलं, आप लड़की के कौन हैं? अन् तुम्ही छाती काढून म्हणाले, बाप.

देवीदास : तं काय खोटं सांगू? चर्चमध्ये?

ललिता : खोटं नाही, चुप बसाचं होतं! विहीणबाईच्या हातातलं पुस्तक खाली पडलं. ती जशपूरची म्हातारी आजी रडाले लागली. तिले वाटलं, पोट्टीचं अगुदरच एक लग्न झालं आहे!

देवीदास : मी लगेच म्हटलं ना, गलती हो गई, मैं समझा डबल ड्यूटी है.

दामिनी : हाँ. त्याच्यानंतर तर सगळे मलेच पाहाले लागले. की ही डबल ड्यूटी म्हणजे काय.

ललिता : मी हिच्या वेळेस दवाखान्यात ओरडून राहिली होती, तेव्हा पण हे ओव्हरटाईमलेच होते. तेव्हाही कोणीतरी विचारलं असंन, कोई है? बायकोनं हाक मारली की मात्र कोणीच नसते!

देवीदास : जुनं कावून काढून राहिली? येतील ते लोकं. मैत्री बाग प्लॅनिंगमध्ये आहे.

ललिता : चुलीत गेलं तुमचं प्लॅनिंग!

दामिनी : फादर म्हणाले, पहिले दोन्ही परिवार बात कर लें. पुकार थांबवली आहे. अनुरंजन फोन उचलून नाही राहिला. अन् तुम्हाले वाघ पाहाचा आहे!

देवीदास : मी आता वाघाचं नाव तरी घेतलं का?

दामिनी : आई, तू थांब जरा. बाबा, खरं सांगा. झोपेतच बोलले ना?

देवीदास : म्हणजे?

दामिनी : म्हणजे सहा महिने तुम्ही माह्याशी धड बोलले नाही. म्हणे घरात बाबासाहेबांचा फोटो राहीन का, पोरं कोणाचं नाव घेतील. मंग एक दिवस एकदम हो. मी कधी विचारलं नाही, कावून हो म्हटलं. आता वाटून राहिलं, आतलं होतं ते आज बाहेर आलं.

देवीदास : नाही, पोरी.

दामिनी : मग हरकत आहे की नाही? साफ बोला.

देवीदास : एक आहे.

ललिता : पाय! पाय आता!

देवीदास : अवं, ऐकून तं घे. तो अनुरंजन जशपूरले बदली मागून राहिला. ही जाईन त्याच्यासंगं. मंग मी रातपाळीहून आलो, तं दार कोण उघडीन? तू तं उठत नाही.

ललिता : मी उठत नाही? अन् तुमचा डब्बा कोण, शेजारीण भरते?

दामिनी : बाबा, बस इतकंच?

देवीदास : इतकंच. अन् हे काही माईकवर सांगाची गोष्ट नाही.

दामिनी : तर मलेच सांगायचं होतं ना! सहा महिने तोंड फुगवून... थांबा, अनुरंजनचा फोन. हाँ. हाँ, गेट के बाहर ही हैं. अच्छा. ठीक है, बोलती हूँ.

ललिता : काय म्हणते?

दामिनी : येऊन राहिले. लकडा अंकल म्हणतात, देवीदासजीनं स्वतः समोर येऊन सांगावं, हरकत नाही म्हणून. मंग ते आजच फादरले फोन करतील. नाही तर जशपूरवाले संध्याकाळच्या बसनं परत, अन् लग्नाचं नाव काढायचं नाही.

देवीदास : बस्स? हे तं मी आत्ता सांगतो. कुठं आहेत?

दामिनी : पार्किंगमध्ये पोचले म्हणे.

ललिता : अवो, चप्पल तं घाला! अन् सांभाळून बोला, हे काही... गेले. पळाले.

दामिनी : जाऊ दे. या वेळी जागे आहेत.

ललिता : मले इथून दिसत नाही. काय करून राहिले?

दामिनी : गळ्यात पडले.

ललिता : पडू दे. बोलून काय राहिले?

दामिनी : "हमें कोई आपत्ति नहीं, आज से हमारी बेटी आपकी." जोरात. रडून पण राहिले.

ललिता : बाई गं. चला, एक काम तं नीट केलं माणसानं. तू कावून अशी पाहून राहिली?

दामिनी : आई, बाबाचा चष्मा तुह्याजवळ आहे?

ललिता : नाही वं. चर्चच्या बाकावरच राहिला असंन. कावून?

दामिनी : तो पार्किंगवाला आहे. लकडा अंकल त्याच्या मागं उभे आहेत, पर्ची घ्यायले.