पाठीवरचं पान

दाखल्यांच्या खिडकीपुढची रांग जागची हलत नव्हती. वडिलांच्या मृत्यूच्या दाखल्यातली चूक दुरुस्त करून घ्यायला आलेली ती, पुठ्ठ्याची फाइल छातीशी धरून उभी होती. तिच्या पुढे एक म्हातारे गृहस्थ आणि नर्सच्या गणवेशातली त्यांची मुलगी.

"आजचं पान झालं का गं?"

"कुठलं होतंय? सकाळचा तास रांगेनेच खाल्ला."

"मग आत्ता लिही."

"इथे? कशावर, बाबा?"

"माझ्या पाठीवर. हा बघ, वाकलो."

"लोक बघतायत."

"बघू देत. कादंबरी छापून आली की हेच विकत घेतील."

"उद्या दोन पानं लिहीन ना."

"मागे असंच म्हणालीस आणि चार महिने वही उघडली नाहीस. आज सलग शहाऐंशीवा दिवस आहे. इथून ड्युटीवर गेलीस की संपलाच."

"बरं. पण हसू नका, अक्षर नाचतंय."

"नायिका निघाली का घरातून?"

"उंबऱ्यात आहे."

"तीन दिवस उंबऱ्यातच? पाय दुखत असतील बिचारीचे."

"बाबा!"

"गप्प बसलो."

"कंबर थरथरतेय तुमची. उठा, अर्धं झालंय, पुरे."

"पुरे बिरे काही नाही. लिही."

रांगेत मागे उभ्या असलेल्या तिने आपली पुठ्ठ्याची फाइल पुढे केली.

"ही घ्या वहीखाली. त्यांना सरळ उभं राहू द्या."

"अहो, तुमचा नंबर आला म्हणजे?"

"मागच्यांना पुढे सोडेन. तुम्ही पान पुरं करा."